रस्त्यापलीकडची अंगणवाडी

राहनाळला आमच्या शेताच्या कडेला अंगणवाडीची खोली होती. जागा वडिलांनी दिलेली. थोरल्या भावाच्या हळदीला, पंगत बसलेली असताना, त्यांनी उभं राहून सांगितलं की रस्त्याकडचा तुकडा गावातल्या पोरांना दिला. आमच्यात असा शब्द पंगतीत देतात आणि त्यावर कागद मागणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. ग्रामपंचायतीने कागद मागितला नाही. खोली बांधली, भिंतीवर फळं-पक्षी रंगवले. सातबारा आमच्याच नावावर राहिला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

लग्नानंतर माझी बायको तिथे सेविका झाली. तेव्हा पटावर सगळी गावातलीच मुलं होती, आमची दोन्ही तिथेच बसली. पुढे भातखाचरांवर गोदामं उभी राहिली. भाडं येऊ लागलं, तशी घरोघरची मुलं व्हॅनने इंग्रजी नर्सरीत जाऊ लागली. अंगणवाडी काही रिकामी पडली नाही. त्याच गोदामांत माल चढवणाऱ्यांची मुलं मागच्या चाळींतून येऊ लागली. पट जवळजवळ तेवढाच राहिला, आडनावं बदलली.

गेल्या वर्षी शेजारच्या गोदामवाल्याला गाड्या वळवायला अंगणवाडीची जागा हवी झाली. भाऊ संध्याकाळी घरी आला.

"जागा आपल्या पोरांसाठी दिली व्हती," तो म्हणाला. "आता आपला एक तरी पोर हाय का तिथं?"

बायको चहा गाळत होती. "दादा, त्यांचे बाप तुमच्याच जागेवरच्या गोदामात राबतात."

"मंग बोल ना गोदामवाल्याला, बांध म्हनावं शाला." तो हसला. "तुला काय, सरकारी मानूस. पगार चालूच."

"पगार नाही, मानधन."

वडिलांनंतर जमीन दोघा भावांच्या नावावर, म्हणून माझीही सही हवी होती. आधी दुसरी खोली द्या, मग सही करतो, असं मी सांगितलं. भावाने लगेच रस्त्यापलीकडच्या आपल्या चाळीतली खोली देऊ केली. मी टेप घेऊन गेलो. खोली जुनीपेक्षा मोठी निघाली, नळ आत, संडास लागून. ग्रामसभेत विषय आला तेव्हा मी ही मापं वाचून दाखवली. मुलांचे आईबाप ड्युटीवर होते. त्यांनाही विचारायला हवं, असं एक शिक्षिका म्हणाली. मागून कोणीतरी म्हणालं, "त्यांची मतं त्यांच्या गावाला हायत." थोडं हसू झालं आणि ठराव झाला. मी सही केली.

मधला रस्ता कंटेनरच्या गाड्यांचा. आधी मागच्या चाळींतली मुलं बोळातून आपली आपण यायची. आता आणून सोडायला कोणी हवं, आणि आया सकाळच्या शिफ्टला गेलेल्या. बायको त्यांना एकमेकांचे हात धरायला लावून रस्ता ओलांडून आणू लागली. पर्यवेक्षिकेला कळलं. ती बाई वाईट नव्हती. "काही झालं तर कोणावर येईल, सांगा," एवढंच म्हणाली. बायकोने आणणं बंद केलं. मुलं कमी होत गेली. घरी न्यायचा कोरडा आहार आया सुट्टीच्या दिवशी येऊन घेऊन जायच्या. काही महिन्यांनी, या भागात लाभार्थी कमी दिसतात म्हणून केंद्र शेजारच्या गावच्या केंद्रात विलीन केलं. हिशोब बरोबर होता. हजेरी खरंच कमी होती.

नव्या खोलीतलं सामान तिकडे पोचवायचं होतं. स्कूटरवर मागे ती वजनकाटा मांडीवर धरून बसली. रस्ता ओलांडायला आम्ही बराच वेळ थांबलो. समोर जुन्या खोलीच्या जागी एक गाडी मागे येत होती आणि हमाल ओरडत होता, "आने दो, आने दो." गोदामाच्या दारात खोक्यांवर तीन मुलं बसली होती. त्यातल्या मुलीने बायकोला ओळखलं आणि "मॅडम" म्हणून हात केला.

"हिचं ह्या महिन्याचं वजन राहिलं," बायको म्हणाली.

गाड्यांमध्ये फट पडली तेव्हा मी स्कूटर काढली.