फणसळकरांची सही

बेलवलीच्या चिंतामणी फणसळकरांचा डावा कान कामातून गेला होता. घाटातल्या बोगद्यावर इंजिनीअर असताना सुरुंगांच्या आवाजांनी तो गेला. कोणी बोलू लागलं की ते मान वळवून उजवा कान पुढे करत. समोरच्याला वाटे, हा माणूस आपलं फार मनापासून ऐकतो आहे. तेही खरंच होतं.

नोकरी सोडून ते बदलापूरच्या बेलवलीत स्थायिक झाले, तेव्हा आसपास कारखान्यांचं पीक आलं होतं. अंबरनाथला मोठे, उल्हासनगरात छोटे. नव्या कायद्याने इमारत भक्कम असल्याचा इंजिनीअरचा दाखला मालकाला सक्तीचा झाला होता. काही इंजिनीअर चहा संपायच्या आत सही देत. फणसळकर आधी सदरा काढून माळ्यावर चढत.

होतचंद शेठचा कारखाना म्हणजे उल्हासनगरातली जुनी लष्करी बराक. सिंधमधल्या शिकारपुरातली भरली पेढी सोडून होतचंद इथे आला होता, आणि कापडाच्या फेरीपासून सुरुवात करून आता रिळांवर सूत भरण्याचं काम चालवत होता. खाली वीसेक बायका चरख्यांवर बसत, वर लाकडी माळ्यावर सुताचे गठ्ठे रचलेले. फणसळकर वर पोटावर सरपटत गेले, तुळयांना टोचा मारून पाहिला आणि धुळीने माखून खाली आले.

"सही नाही होणार. तुळयांची टोकं वाळवीनं पोखरलीत. गठ्ठे उतरवा, आणि तोवर खाली कोणाला बसवू नका."

"साईं, फाळणीत सगळं गेलं," होतचंद म्हणाला. "आता हे पण तुमच्या एका पेनानं घालवणार?"

फणसळकरांनी सही केली नाही. चिडलेल्या होतचंदने कारखान्याला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फणसळकरांच्या ओट्यासमोर एक बाई येऊन उभी राहिली. नवसी तिचं नाव. बदलापूरच्या डोंगराकडच्या वाडीतली, होतचंदकडे चरख्यावर बसणारी. नवरा वारल्यापासून घर तिच्याच कमाईवर होतं.

"सायेब, माळा पडंल तवा पडंल," ती म्हणाली. "आमची चूल तर कालच इझली. तुमी आमास्नी वाचवलंव का मारलंव, तेवढं सांगा."

दाखला नाकारला की आपलं काम संपलं, अशीच आजवर फणसळकरांची समजूत होती. त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या. "चल," म्हणाले, "शेठकडे जाऊ."

होतचंदला ते म्हणाले, "चरखे बाहेर अंगणात काढा. पावसाला अजून अवकाश आहे. वर ताडपत्री बांधा आणि काम चालू ठेवा. आणि माझं खरं की खोटं, ते माळ्यालाच विचारू."

होतचंदला हे पटलं, पण त्याची खुमखुमी गेली नव्हती. "ठीक. वजन टाकून बघू. मी स्वतः माळ्याखाली उभा राहतो. तुमची हिंमत आहे उभं राहायची?"

"नाही," फणसळकर शांतपणे म्हणाले. "मी उभा राहिलो म्हणून तुळई बळकट होत नाही. खाली कोणीच उभं राहायचं नाही. तुम्हीही नाही."

जमलेल्या बायका हसल्या. साहेब घाबरला, असंच सगळ्यांना वाटलं. फणसळकरांनी त्यांना हसू दिलं.

गठ्ठे उतरवून त्यांनी माळ्यावर रिकामी पिंपं मांडून घेतली, बुडाशी नळ्यांनी एकमेकांना जोडली आणि खिडकीतून रबरी नळी आत सोडली. मग सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला आडवा बांबू बांधला आणि अंगणातल्या हातपंपाने पिंपं भरायला सांगितलं. वर माणूस नाही, खाली माणूस नाही. ते स्वतः दाराशी उभे राहून तुळईकडे बघत होते.

पिंपं भरत गेली. काहीच झालं नाही. होतचंदच्या चेहऱ्यावर हसू उमटू लागलं. गठ्ठ्यांचं वजन नुकतं भरत आलं होतं, एवढ्यात मागून नवसी ओरडली, "सायेब, कुरकुरतंय!"

पंपाच्या खडखडाटात फणसळकरांच्या एका कानाला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण त्यांनी क्षणभरही शंका घेतली नाही. "पंप बंद! मागं व्हा सगळे!"

तुळईचं टोक भिंतीतून निसटलं. माळा एका बाजूला कलला, पिंपं गडगडत खाली आली, आणि बायकांची रोजची बसायची जागा फळ्यांनी नि पाण्याने भरून गेली.

होतचंद चिखलातच खाली बसला. "साईं," तो पुटपुटला, "माझी पोरगी पण इथंच बसते. त्या कोपऱ्यात."

फणसळकरांनी त्याला हात देऊन उठवलं. 'मी म्हटलं नव्हतं का' हे शब्द त्यांच्या तोंडून तेव्हाही आले नाहीत आणि पुढेही नाहीत. त्यांनी विचारलं एवढंच, "सागवान कुठून मिळेल?"

नवा माळा होईपर्यंत बायका ताडपत्रीखाली काम करत होत्या. फणसळकर सायकलवरून येत, सुतारांशी हुज्जत घालत, बसवलेली एक तुळई तर त्यांनी पुन्हा काढायला लावली. पाऊस तोंडावर आला तेव्हा सही झाली. काही मालकांनी त्यांचा धसका घेऊन दुसरे इंजिनीअर गाठले. होतचंद मात्र ज्याला त्याला सांगायचा, "तो माणूस सही लवकर देत नाही. म्हणूनच त्याच्याकडे जा."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात कोणी न बोलावता फणसळकर कारखान्यात हजर झाले आणि सदरा काढू लागले.

नवसीने चरखा थांबवला. "सायेब, आता तर समदं नवं हाय. आता काय शोधताव?"

त्यांनी उजवा कान पुढे केला, तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.

"वाळवी," ते म्हणाले. "तिला कुठं माहीत सही झाली ते?"

नवसी हसत उठली, बायकांना घेऊन अंगणात गेली, आणि शिडी धरायला परत आली.