दोघांची एकच हाक

"तुझा हात लागला त्याला. आता धुऊन आन," सरपंचाचा पोरगा म्हनला. मांडव भरलेला. माझी आई तिथंच झाडू मारत हुती.

सोनईजवळच्या आमच्या गावात गनपतीला जिवंत देखावा असतो. त्या वर्षी सुपरहिरोचा हुता. सरपंचाचा पोरगा हिरो. त्यानं हवेतनं उडत यायचं अन् व्हिलनला बदडायचं. आमी वडार, बापजाद्यापासनं विहिरी खोदनारे. म्हनून त्याला कप्पीवरनं वर वढायचा दोर माझ्याकडं दिल्ता. स्टेजवर न्हाई, मागं, पडद्याआड. तालमीत त्याच्या पाठीवरचं लाल कापड खाली पडलं, ते म्या उचलून दिलं. एवढाच माझा गुन्हा.

धुतलं म्या ते, हौदावर. आई बघत हुती. लाज वाटली, अन् राग तर असा की दात करकरा वाजले.

व्हिलन झाल्ता सोसायटीच्या चेअरमनचा पुतन्या. चेअरमन सरपंचकीला पडल्ता, अन् पुतन्याला हिरोचं काम मिळालं न्हाई. दोन्हीचा डूख त्याच्या पोटात. चहा घेऊन तो माझ्याजवळ बसला. खांद्यावर हात टाकला. गावात तसा हात कुनी टाकला नव्हता.

"भावा, आईम्होरं इज्जत काढली तुझी. उद्या गडी वर गेला की दोर सोड. निसटला म्हनायचं. पुढचं मी बघतो."

भावा! त्या शब्दाला मी इकलो गेलो. दिवसभर मनातल्या मनात त्याला पाडत हुतो.

दुसऱ्या दिवशी आरती झाली, देखावा सुरू झाला. म्या दोर वढला. गडी पार मांडवाच्या आढ्याला गेला. व्हिलन पडद्याशी सरकला, डोळा मारला. माझी मूठ ढिली पडायला लागली, खोटं कशाला बोलू. पन तोंडातनं निघून गेलं, "पोलिस आले तर तुमी सांगनार का, तुमीच सांगितलं म्हनून?"

तो हसला. "वडाऱ्या, दोर तुझ्या हातात हाय. माझ्या न्हाई."

तेवढ्यात वरनं दुसरा वराडला, "ए वडाऱ्या, झोपला का?"

डोकंच फिरलं माझं. दोर मागं उभ्या ट्रॅक्टरच्या हुकाला गच्च बांधला. स्टेजवर गेलो, माईक हिसकला.

"ह्या वरच्यानं चारचौघांत माझी लाज काढली. हा खालचा म्हनतो, त्याला पाडून मार. आता तुमचं तुमीच उतरवा त्याला."

सगळा मांडव उठला. मग शिव्या. मग शिडी. वर सुपरहिरो नुसता पाय झाडत हुता. मला मारलं, दोन्हीकडच्यांनी मिळून मारलं. त्या दिवशी बरी एकी झाली रं त्यांची!

आमाला गावात काम मिळायचं बंद झालं. बा म्हनला, "जा, पाय धर, मिटव एकदाचं."

न्हाई धरनार. उपाशी पडलो तरी न्हाई. माझ्या आईबापानं माझं बारसं केलंय, नाव ठिवलंय. त्या नावानं बोलवा, मी येतो. जातीनं हाक मारनाऱ्याचं काम मी करनार न्हाई, मग तो लाथ घालू दे, न्हाईतर गोड बोलू दे.