शरणप्पाच्या पाठीला

माझे सासरे राघोबा मुडबीचे. आवाज असा, की ते आपल्या बैलाला ओरडले तर शेजारच्या शिवारातले बैल थांबायचे. घरात मात्र ताटात मीठ कमी पडलं तरी मागायचे नाहीत. त्यांचा आवाज वर्षातून एकदाच पुरता मोकळा व्हायचा, येळवसेला.

येळवस म्हणजे आमची वेळ अमावस्या. मार्गशीर्ष संपताना ज्वारी पोटऱ्यात येते आणि सगळं गाव घराला कडी घालून शेतात जातं. कडब्याची कोप घालायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. पूजा झाली की घरधनी पिकातून अंबिल शिंपडत फिरतो. बाकीचे देवाचं नाव घेत फिरतात. मामंजींची तऱ्हा निराळी. वर्षभरात ज्यांनी ज्यांनी तारलं, त्यांच्या नावानं ते ओरडून शिंपडायचे. "काळ्या आईला! हिरीच्या पान्याला! तांबड्या बैलाच्या खांद्याला!" आणि शेवटी, सगळ्यात मोठ्यानं, "शरणप्पाच्या पाठीला!"

नवी नवरी असताना हे ऐकून मी पदराआड फिदीफिदी हसले होते. "मानसाच्या पाठीला कुनी अंबिल शिंपडतंय व्हय?" सासूबाई, सत्यभामाबाई, हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. कडबा बांधताना मामंजींना साप चावला. गाडी गावात, पाय सुजत चाललेला. शेजारच्या शेतातल्या शरणप्पानं त्यांना पाठीवर घेतलं आणि तीन कोसांवरच्या हकिमाच्या दारात नेऊन पोचवलं. वाटेत एकदाही खाली ठेवलं नाही. त्यानंतर माझं हसू गेलं.

दर येळवसेला शरणप्पा आणि त्याची बायको शांतम्मा आपल्या शेतातली पूजा उरकून आमच्या बांधावर यायचे. शरणप्पा मुद्दाम ओरडायचा, "राघोअण्णा, पाठीला लई झालं, पोटाला काई हाय का न्हाई?" मग पालेभाज्या-शेंगांची दाट भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि वर तांब्याभर अंबिल. शांतम्मा माझ्या शेजारी बसून कानडीत सासवांच्या नकला करायची. अशी अकरा वर्षं गेली.

बाराव्या वर्षी शरणप्पानं वेठ नाकारली. आमच्या भागात एक वतनदार होते. त्यांचं नाव मी घेत नाही, माझ्या तोंडाची चव जाते. त्यांच्या घरच्या लग्नाला आठ दिवस गाडी-बैल फुकट राबवायचे होते. शरणप्पा नाही म्हणाला, वर तहसीलला अर्जही दिला. तो कसत होता ते शेत वतनदाराचं. ते सुगीच्या आधीच काढून घेतलं, आणि त्याच्याशी कुणी बोलू नये असा निरोप गावभर फिरला. आमच्या सोळा एकरांतले दहा एकरही त्यांचेच होते.

त्याच येळवसेला वतनदार स्वतः आमच्या कोपीत जेवायला आले. कधी न येणारा माणूस का आला, हे आम्हाला कळत होतं.

मामंजी शिंपडायला उठले. काळी आई झाली, विहीर झाली, तांबडा बैल झाला. तेवढ्यात रस्त्यावर शरणप्पा आणि शांतम्मा दिसले. त्या वर्षी त्यांना जायला शेतच नव्हतं. येळवसेला शेत नसलेल्या माणसानं कुठं जावं? शरणप्पा बांधाजवळ थांबला. ओरडला नाही, नुसता उभा राहिला. मामंजींनी त्याला बघितलं. मग मडक्यात उरलेली अंबिल त्यांनी एकाच जागी ओतली आणि वतनदारांना म्हणाले, "बसा सरकार, वाढायलेत."

पुढच्या पंधरवड्यात शरणप्पानं गाव सोडलं. मामंजी त्यानंतर दर येळवसेला शिंपडायचे, पण तोंड मिटून. लोक म्हणायचे, म्हातारा थकला. थकला कुठला, सलत होतं.

पोलीस कारवाई झाली, निजाम गेला, वतनदाराचा दरारा गेला. त्या अठ्ठेचाळीस सालच्या येळवसेला मामंजी पहाटेच गाडी जुंपून मला म्हणाले, "पोरी, चल. हळ्ळीखेडला." शरणप्पा तिथं मेव्हण्याकडे राहतो, असं त्यांनी शोधून काढलं होतं.

शरणप्पा नव्हता. दोन वर्षांपूर्वी तापानं गेला होता. शांतम्मा भावाच्या शेतात कोपीपुढं बसली होती. आम्हाला बघून ती उठली आणि आधी हाकच मारली, "या अण्णा, जेवाया या!"

आम्ही बसलो. ती मडकं घेऊन ज्वारीत शिरली. हळू आवाजात एकेक नाव घेत शिंपडत होती. शेवटी म्हणाली, "मुडबीच्या राघोअण्णाच्या भाकरीला."

मामंजींचा हात ताटातच राहिला. "शांतम्मा, हे कामून म्हनलीस?"

"आमचे हे दर येळवसेला आसंच म्हनत व्हते, अण्णा. म्हनून म्या बी म्हनायलेय. अकरा वर्सं तुमच्यात जेवलो की."

"त्या दिवशी म्या तुमाला बघितलं व्हतं," मामंजी म्हणाले. "बघून हाक मारली न्हाई."

"ठाव हाय. हेंनी बी बघितलं की. वाटंनं जाताना म्हनले, अण्णाचा आवाज बसला आसंल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मामंजी तिथंच, तिच्या भावाच्या पोरासोरांसमोर, ढसाढसा रडले. मीही रडले, पण त्यांच्यासाठी नाही. त्या दिवशी भज्जीचा डाव माझ्या हातात होता. शांतम्मानं माझ्याकडेच बघितलं होतं, आणि मला तर कुणी गप्प बस म्हटलंही नव्हतं.

पुढच्या येळवसेपर्यंत मामंजी राहिले नाहीत. आता मडकं माझ्याकडे आहे. मी सगळी नावं घेते, आणि शेवटी "शरणप्पाच्या पाठीला" मोठ्यानं म्हणते. पण म्हणण्याआधी माझी मान आपोआप वळते आणि कोपीत कोण बसलंय ते मी बघून घेते.