काचेवरचा अंगठा

टर्पेंटाइनचा वास आला की चाकणच्या तंबूतला सिनेमा आठवतो. पिंपरीत तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते आणि मी सिनेमाआधी दाखवायच्या जाहिरातींच्या काचा रंगवायचो. एकदा एका कापडदुकानदाराची काच मी घाईत ओलीच नेऊन दिली. पडद्यावर दुकानाच्या नावावर भलामोठा अंगठा उमटला आणि तंबू खदखदून हसला. दुकानदार भडकताच मी म्हाताऱ्या ऑपरेटरकडे बोट दाखवलं. "व्हय, माझाच हात लागला," असं म्हणून त्यांनी मालकाच्या शिव्या मान खाली घालून ऐकल्या. नंतर काच मला परत देत हळूच म्हणाले, "पुढच्या टायमाला वाळू द्या, राव." ठशाच्या मधोमध माझ्या अंगठ्यावरच्या जुन्या जखमेची रेघ स्वच्छ दिसत होती. अजूनही तो वास आला की माझा अंगठा आपोआप मुठीत जातो.