शनिवारचे ऐंशी टक्के

पांडेसऱ्याच्या एका मोठ्या कापड गिरणीत सुकदेव काचेआडच्या थंडगार खोलीत मेनफ्रेम, म्हणजे गिरणीचा अवाढव्य संगणक, सांभाळायचा. बाहेर सुरत घामाने निथळायची आणि हा गडी मे महिन्यात स्वेटर घालून बसायचा. लिंबायतच्या खोलीवर परतला की कुलूप त्याचं त्यालाच काढावं लागे. बायको प्रमिलाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा ललित वापीला, तो दिवाळीला यायचा आणि बापाशीही हिंदीत बोलायचा.

सुकदेवचं मुख्य काम जागा वाटण्याचं. मशीनची मेमरी अपुरी पडली की ते हातातला पसारा तात्पुरता डिस्कवर ठेवतं, ती पेजिंगची जागा. आणि छापायचे कागद प्रिंटरची वाट बघत डिस्कवर थांबतात, ती स्पूलची. पीठगिरणीत दळणाचे डबे रांगेत असतात, तसे. त्यातले काही डबे लोक नेतच नाहीत, आणि स्पूल गच्च भरला की मशीन नवं काम घेत नाही. म्हणून सुकदेवने एक नियम केला होता. शनिवारी स्पूल ऐंशी टक्क्यांवर दिसला की अकरा वाजता प्रत्येक खात्याला फोन करायचा: "तुमचे कागद पडून आहेत. छापू की पुसू?"

स्टोअरवाले खेकसायचे. रंगखातं मधेच फोन ठेवून द्यायचं, जसं काही हाच उसनं मागायला आला होता. पण बमरोलीच्या गोदामात गाड्यांच्या याद्या बघणाऱ्या पुष्पाबाईंनी त्याचा हेल पहिल्याच दिवशी ओळखला. त्याही खानदेशच्या.

"भाऊ, आज कितलं भरनं?"

"नव्वद टक्के, ताई."

"मना कागद पुसू नका हो. जेवनात का?"

प्रमिलाबाई गेल्यापासून त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. डबा बंद असला तरी तो "हो" म्हणायचा. पुष्पाबाईंचा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता आणि पाहायची त्याला गरजही वाटत नव्हती. शनिवारची ती दोन मिनिटं त्याला आठवडाभर पुरायची.

त्र्याण्णव साली नवी डिस्क आली. "सुकदेवभाई, तुम्हाला ठीक वाटेल तशी वाटा," संगणक खात्याचे प्रमुख देसाईसाहेब म्हणाले. पेजिंगला आहे ती जागाच पुरून उरत होती, ओरड सगळी स्पूलची. शेंबड्या पोरालाही कळलं असतं डिस्क कुठे द्यायची ते. सुकदेव पेन्सिल घेऊन बसला आणि त्याच्या मनात आलं, स्पूल वाढवला तर ऐंशी टक्के कधी भरायचेच नाहीत. मग शनिवारी फोन कशाच्या निमित्ताने करायचा?

त्याने सगळी डिस्क पेजिंगला देऊन टाकली. वर पुष्पाबाईंनाही सांगितलं, "ताई, जुन्या याद्या पुसायची घाई करू नका. शनिवारी मी फोन करतोच."

एकटेपण माणसाला असं लबाड करतं. दिवाळीच्या तोंडावर माल दुप्पट निघू लागला आणि एका गुरुवारीच स्पूल शंभरावर गेला. मशीन चार तास अडून बसलं. बमरोलीला भरलेल्या गाड्या याद्यांवाचून उभ्या राहिल्या. जागा कुणी अडवली हे देसाईसाहेबांनी काढून बघितलं, तर सगळ्यात वर पुष्पाबाईंचं नाव.

"ही बाई हंगामी आहे ना? दिवाळीनंतर कायम करायची होती. संध्याकाळी तिचं नाव काढून टाकतो."

सुकदेव गप्प बसला असता तर त्याला कुणी पकडलं नसतं, कारण डिस्कचा नकाशा त्याच्याशिवाय कुणी वाचतच नव्हतं. दुपारभर तो नकाशा त्याने दहादा घडी करून खिशात घातला. पाच वाजता मात्र उठला आणि तो साहेबांच्या टेबलावर पसरला.

"साहेब, याद्या राहू द्या असं मीच तिला सांगितलं होतं. आणि नवी डिस्क मी पेजिंगला दिली. तिथे ती नुसती रिकामी पडलीय."

"पण का?"

सुकदेवने नकाशाची दुमडलेली कड बोटाने सपाट केली. काचेपलीकडे मशीन घरघरत होतं.

"अंदाज चुकला," तो म्हणाला.

त्याला लेखी ताकीद मिळाली. रविवारी मशीन थांबवून त्याने स्वतःच्या हाताने ती डिस्क स्पूलला जोडली.

दिवाळीनंतरच्या शनिवारी अकरा वाजता स्पूल होता एकोणतीस टक्के. सुकदेवने फोनवर हात ठेवला आणि काढून घेतला. नियम त्याचाच होता. वीस मिनिटांनी फोनच वाजला.

"भाऊ, माले कायम करी टाकं! आज तुमना फोन का बरं नही उना? कितलं भरनं?"

"एकोणतीस. आते जागा भरपूर शे, ताई. फोननी गरज नही."

"हाई ते बेस झायं!" पुष्पाबाई मनापासून म्हणाल्या. मागे कुणीतरी गाडीसाठी हाका मारत होतं. त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.

सुकदेवचा डबा समोर तसाच बंद होता. आज त्यांनी विचारलं असतं, तर अजून जेवलो नाही असं खरं सांगायचं त्याने ठरवलं होतं.