साध्या हवेची खोली

काचघरातल्या मामांना मामा म्हणायला पहिल्यांदा कोणी सुरुवात केली, हे आता कोणालाच सांगता यायचं नाही. संशोधन केंद्राचे संचालक त्यांना मामा म्हणायचे, आणि वयाने त्यांच्याहून थोरली असलेली झाडलोट करणारी बाईही मामाच म्हणायची. रोपांना पाणी घालणं, कुंड्या वजन करायला उचलून देणं आणि काचा पुसणं हे त्यांचं काम. बाकी वेळ बोलणं.

बोलण्याची हौस दांडगी, पण घरी पंचाईत होती. बहीण, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं. बोलायला सगळे तयार, ऐकायला कोणी नाही. मामांनी "आज काय झालं माहितीये का" म्हणायचा अवकाश, की स्वयंपाकघरात मिक्सर सुरू व्हायचा. त्यामुळे घरात अर्धवट राहिलेली वाक्यं मामा दुसऱ्या दिवशी काचघरात येऊन पूर्ण करत.

त्या वर्षी काचघरात दोन बंद खोल्या केल्या होत्या. दोन्हींत सोयाबीनच्या कुंड्या. एका खोलीत नळीतून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, म्हणजे आपल्या नातवंडांच्या म्हातारपणी हवा जशी असेल, तशी ती हवा. दुसऱ्या खोलीत आजची साधी हवा. पुढे दोन्ही खोल्यांचं पाणी तोडायचं आणि दुष्काळात कोणाचं काय होतं ते बघायचं. हा प्रयोग पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा होता. मुलगी हाडाची कामसू, जेवणाची मात्र हेळसांड करणारी. मामा तिला "पोरी" म्हणत आणि रोज तिच्यावर डाफरत, म्हणजे जीव लावत.

"गॅसने झाडांना फायदाच की मग?" मामांनी विचारलं होतं.

"तेच तर बघायचंय, मामा. पानाला बारीक बारीक तोंडं असतात. गॅस भरपूर मिळाला की झाड ती तोंडं जरा मिटून घेतं, मग पाणी कमी उडतं. पण त्याच गॅसवर पानं मोठी झाली, तर वाचवलेलं पाणी तीच पिऊन टाकणार. दोन्हींतलं काय जिंकतं, ते मला या हंगामात दाखवायचंय. नाही जमलं तर शिष्यवृत्ती संपली, आणि मी घरी."

मामांना त्यातलं "मी घरी" तेवढं नीट कळलं, आणि ते त्यांना मुळीच पसंत नव्हतं.

पाहुणे आले की गॅसच्या खोलीला नाक लावून उभे राहायचे. साध्या हवेच्या खोलीकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. मामांना त्या कुंड्यांची कणव यायची. म्हणून दुपारी मुलगी कॅन्टीनला गेली की ते डबा घेऊन त्या खोलीत शिरत, वारा नको म्हणून दार घट्ट लावत, पालथ्या बादलीवर बसत आणि धाकट्या सुनेच्या तक्रारीपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं सविस्तर सांगत. काचघरात जेवायला मनाई होती, त्यामुळे याची वाच्यता त्यांनी कुठे केली नव्हती.

मग एक दिवस मुलगी रडकुंडीला आली. साध्या खोलीतला गॅसचा आकडा दुपारी चढत होता. शेजारच्या खोलीतून गळती होत असणार. अशानं दोन खोल्यांत फरक राहणार नाही, आणि पाणी तोडायचा दिवस तर तोंडावर आलेला.

मामांनी कंबर कसली. जोडांवर साबणाचं पाणी लावलं, फटींना चिकटपट्टी मारली, नळी बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मुलगी मोजायला बसली की शेजारी ठाण मांडून धापा टाकत तिला धीर दिला. गंमत अशी, की मामा जितकी जास्त मदत करत, तितकी गळती वाढत होती.

मग नातीची दाढ काढायला मामांनी रजा घेतली. दुसऱ्या दिवशी मुलगी दारातच भेटली. "मामा, काल दुपारी गळतीच नव्हती," ती हसत म्हणाली. बोलता बोलता तिची नजर काचेपलीकडच्या पालथ्या बादलीवर गेली, मग मामांच्या डब्यावर, आणि तिचं हसू मावळलं.

"काय गं? बोल की."

ती खाली मान घालून म्हणाली, "माणूस श्वास सोडतो ना मामा, त्यातही तोच गॅस असतो. मी एवढी शिकले आणि माझ्या डोक्यातच आलं नाही."

मामा तडक साध्या खोलीत गेले आणि दार लावून बसले. बाहेरच्या पडद्यावर आकडा चढला. ते बाहेर आले, आकडा हळूहळू उतरला. मामांनी तो पूर्ण उतरेपर्यंत बघितला.

"म्हणजे फुटका पाईप मीच," ते म्हणाले. तिने हसावं म्हणूनच म्हणाले होते, पण दोघांनाही हसू आलं नाही.

त्या दिवसापासून मामा साध्या खोलीत गेले नाहीत. पाणी तुटलं. तिथल्या कुंड्या मुलगीच झटपट उचलून आणायची. मामा डबा घेऊन पायरीवर बसायचे आणि काचेतून बघायचे. बोलायचे नाहीत, कारण काचेपलीकडे ऐकू तरी काय जाणार?

आणि मग साध्या खोलीतली पानं माना टाकायला लागली. गॅसच्या खोलीतली अजून ताठ होती. मुलीला हवा होता तो फरक हाच. मामांना हे कळत होतं, आणि तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पोरीचं भलं व्हायला आपली झाडं सुकायला हवीत, असला पेच त्यांच्यावर आयुष्यात कधी आला नव्हता. एकदा त्यांचा हात पाण्याच्या झारीकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि काचा पुसल्या, पुसलेल्याच पुन्हा पुसल्या.

शेवटची मोजणी झाली त्या सकाळी मुलगी धावत बाहेर आली. "मामा, जमलं. फरक आला, चांगला स्पष्ट आला." मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना मनापासून आनंद झाला होता, आणि डोळे मात्र पाण्याने भरले होते.

तिने पाण्याची झारी उचलून त्यांच्या हातात दिली. "आता पाणी द्यायचं. साध्या खोलीला तुम्हीच द्या."

मामा दारापाशी थांबले. छाती भरून श्वास घेतला, गाल फुगवले, ओठ घट्ट मिटले आणि आत गेले. पहिली कुंडी, दुसरी कुंडी. चेहरा लालबुंद झाला तरी तोंड उघडेनात.

मुलगी त्यांच्यामागून आत गेली आणि त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, "मामा, मोजणी संपली. सोडा श्वास."

मामांनी श्वास सोडला. मग झारी खाली ठेवून त्या मलूल रोपांकडे वळून, आधी खाकरून, म्हणाले, "तर मी काय सांगत होतो..."