बर्फीची बाहेरची पोस्टिंग

मी नकला करते, पण उत्तरेश्वर सरवदेकाकांचा आवाज काढायचा तर आधी पोटात हवेचे दोन फुगे भरून घ्यावे लागतात. काका पार्किंगमध्ये नुसतं ‘जय भीम’ म्हणाले तरी विश्रांतवाडीतल्या आमच्या बिल्डिंगवरची कबुतरं उडतात. चौतीस वर्षं खडकीला एका कारखान्यात मशीनवर काढलेला माणूस. आता कान अर्धे गेलेत, पण कानाचं यंत्र कपाटात, डबीत. लावलं की म्हातारा दिसतो म्हणे.

काकांच्या घरात मार्चमध्ये बर्फी ही मांजर आली. पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची. तिची मालकीण बंगलोरला गेली म्हणून गोदाकाकूंनी तिला दत्तक घेतलं. सोफा, खिडकी आणि काकूंची मांडी, एवढाच तिचा मुलूख.

काकांना ती खटकायची. हाक मारली तरी मान वळवत नाही म्हणजे काय? घरात बसून माजलीये, हा त्यांचा निकाल. मांजराची जात बाहेरची, राहू दे खाली, चार उंदीर धरले की शिस्त येईल. काकूंनी विचारलं, रिटायर झाल्यापासून तुम्ही किती धरलेत? हे काकांना ऐकू आलं नाही. म्हणजे, आलं असावं.

रविवारी सकाळी दहाला बर्फीची बाहेर पोस्टिंग झाली. मी तर नाचतच खाली गेले. स्वागताला माझा आवाजांचा सगळा स्टॉक तयार होता: कुत्रा, बोका, कुकरची शिट्टी. माझ्या बोक्याला खरे बोके उत्तर देतात, सांगून ठेवते. बर्फीच्या मागे उभी राहून मी सगळं करून दाखवलं. तिचा कानसुद्धा हलला नाही. इतका अपमान माझा गॅदरिंगलाही झाला नव्हता.

बाईसाहेब गेटपाशी, गटारावरच्या लोखंडी पत्र्यावर ऊन खात पंजा चाटत बसल्या. तेवढ्यात पाण्याचा टँकर रिव्हर्स येऊ लागला. वॉचमन संपत ओरडला, काकू बाल्कनीतून हाका मारायला लागल्या, मी जीव तोडून कुत्रा काढला. बर्फीने दुसरा पंजा चाटायला घेतला.

काका पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी हाक मारलीच नाही. पाय उचलला आणि धाडकन पत्र्यावर आपटला. बर्फी उडाली ती थेट काकांच्या शर्टाला येऊन चिकटली. टँकर ती बसली होती तिथे येऊन थांबला.

“हिला ऐकूच येत नाही,” काका म्हणाले. चक्क हळू.

कारखान्यात मशीन सुरू असताना हाक पोचायची नाही, म्हणून ते लोक पायाखालच्या फळीवर पाय आपटून एकमेकांना बोलवायचे. ते दचकून वळणं काकांनी चौतीस वर्षं बघितलं होतं.

काकू धापा टाकत खाली आल्या. आता ठेवायची ना बाहेर, असं त्यांनी विचारलं.

“वेड लागलंय का? कुत्रं ऐकू येणार आहे का हिला? गाडी?”

“तुम्हाला ऐकू आला होता का टँकर?”

काकांनी शर्टातली नखं एकेक करून सोडवली आणि बर्फीला घेऊन ते जिना चढले.

संध्याकाळी मी गेले तर काकांच्या कानात यंत्र. काकू विहारात गेल्या की घरात आम्ही दोघंच, म्हणाले. एकाला तरी दार वाजलेलं कळायला नको?

आवाज निम्म्यावर आलाय. माझे दोन फुगे वाया, सगळी प्रॅक्टिस पहिल्यापासून. पण जाताना मी दारातल्या उंबऱ्याच्या फळीवर हळूच टाच आपटली, आणि बर्फीने वळून माझ्याकडे बघितलं.